आधी तुम्ही, विहीणबाई

...आणि वर लोक विचारतात, 'काय मग, कशी झाली ट्रिप?' झाली. जशी व्हायची तशी झाली. फोटो नंतर दाखवते, फोटोंत काही नाही, निम्म्या फोटोंत नदी आणि नदीपुढे विहीणबाई, निम्म्या फोटोंत नदी आणि नदीपुढे मी, दोघी एका फोटोत नाहीच, कारण काढायला तिसरं माणूस नव्हतं, आणि तिसरं माणूस नव्हतं हेच तर सगळं दुखणं! तुम्हाला सांगते, माणसाने एकट्याने जावं, नवऱ्याबरोबर जावं, ज्याच्याशी पटत नाही अशा शेजारणीबरोबरसुद्धा जावं, निदान तोंडभरून भांडता तरी येतं. पण विहिणीबरोबर? दहा दिवस? परक्या देशात, स्वस्तातल्या खोल्यांत, आपापल्या बॅगा आपण ओढत? आणि बोलायची सोय नाही हो, नातं नाजूक.

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला. गेले नाही, मला पाठवलं. मूळ बेत चौघांचा होता. माझी लेक, जावई, जावयाची आई म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि मी. जावयाला हौस भारी. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, झेंडी धरलेल्या माणसामागून रांगेत हिंडायचं नाही, आपलं आपण फिरायचं, कमी खर्चात, एका मोठ्या नदीच्या काठाकाठाने तीन शहरं, कधी आगगाडीने, कधी बोटीने. तिकिटं निघाली, खोल्या ठरल्या, आणि निघायला तीन आठवडे असताना लेकीने गोड बातमी दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका लांबचा प्रवास नको. जावई म्हणाला, मग मीही नाही. मी म्हटलं, छानच, रद्द करा. तर नवराबायको एका सुरात, 'अगं, तुमची तिकिटं कशाला वाया घालवायची? तुम्ही दोघी जा ना!' जसं काही कोपऱ्यावर भाजी आणायला पाठवतायत. मी विहीणबाईंकडे बघितलं, म्हटलं या नको म्हणतील. त्या माझ्याकडे बघत होत्या, ही नको म्हणेल. आणि दोघी एकदम म्हणालो, 'तुमची इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही.' झालं, संपलं, गेलो.

बरं, बाई साध्यासुध्या असत्या तर गोष्ट वेगळी. आमच्या विहीणबाई म्हणजे मोठ्या इस्पितळात मेट्रन. छत्तीस वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळला. चालायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप भिंतीला लागतो. आणि मी? शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. एकतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, नळ्या धुतल्या आणि पोरांच्या मागे 'फोडू नका रे' करत फिरले. त्यातून त्या मुलाकडच्या, मी मुलीकडची. माझा आवाज निघणार कसा?

आणि माझ्या पोटात एक गोष्ट होती. तीच सगळ्याच्या मुळाशी. मला लेक बाळंतपणाला माझ्याकडे हवी होती. हे गेल्याला चार वर्षं झाली, तीन खोल्यांत मी एकटी, संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की तेवढीच काय ती घरात चाहूल. तीन महिने लेक येईल, नंतर ते इवलंसं येईल, मी मनात खोलीसुद्धा आवरून ठेवली होती. पण मागू कशी? समोर साक्षात मेट्रन! 'माझ्या हातून हजारो बाळं जन्माला आली आणि माझं नातवंड प्रयोगशाळेवालीकडे?' असं म्हणाल्या तर? म्हणून मी ठरवलं, दहा दिवस गोड वागायचं, इतकं गोड वागायचं की दहाव्या दिवशी मागितलं तर नाही म्हणता येणार नाही. एक शब्द वाकडा गेला तर लेकीच्या संसारात खडा पडेल. नातं नाजूक.

पहिल्या शहरात उतरलो. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आधी की मी आधी हे प्रत्येक वळणावर ठरवावं लागे. दार उघडलं तर आत काय? एकावर एक पलंग! पोरांच्या वसतिगृहात असतो तसा, खाली एक, वर एक, मध्ये लोखंडी शिडी. मी म्हटलं, 'तुम्ही खाली झोपा हो, तुमचे गुडघे.' त्या म्हणाल्या, 'छे छे, तुमचं ब्लडप्रेशर, तुम्ही खाली.' 'नाही हो, मला वरच आवडतं.' त्रेसष्टाव्या वर्षी मला वर आवडतं! आयुष्यात माळ्यावर चढले नाही मी. 'अहो, मलाही वरच आवडतं,' इति विहीणबाई. अर्धा तास चाललं. शेवटी मी चढले. चढले ते चढले, सकाळी उतरता येईना. पाय शिडीला सापडेना, शिडी पायाला सापडेना, आणि खालून विहीणबाई वॉर्डातल्या आवाजात, 'श्वास घ्या... आता सोडा... घाई नको... शाब्बास, होतंय होतंय!' मी उतरत होते की मला बाळ होत होतं, हेच कळेना. पण दुसऱ्या दिवशी 'तुम्ही वर जा' म्हणायची हिंमत आहे का? नातं नाजूक.

आणि त्यांचं शिस्तीचं! सहाच्या ठोक्याला उठायच्या. उठायच्या म्हणजे मलाही उठवायच्या, तोंडाने नाही, नुसतं खिडकी उघडून. मी न्हाणीघरातून येईपर्यंत माझी चादर घडी घालून, कोपरे मुडपून, अशी ताणलेली की वर नाणं टाकलं तर उडेल. मी म्हणायची, 'अय्या, कशाला त्रास घेतलात!' मनात म्हणायची, बाई, ती माझी चादर आहे, जरा लोळू दे. आणि त्या म्हणायच्या, 'त्रास कसला, सवयच आहे.' त्यांच्याही मनात काय असेल देव जाणे, कारण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठ्या! मी त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावली, चार्जरवर लावली, चपलांच्या पिशवीवर 'चपला' अशी लावली. त्या बघायच्या आणि हसून म्हणायच्या, 'किती व्यवस्थित हो तुम्ही!' कागदपत्रं सगळी माझ्याकडे, कारण मी व्यवस्थित. गोळ्या सगळ्या त्यांच्याकडे, कारण त्या मेट्रन. म्हणजे एक हरवली तर दुसरी एकतर तुरुंगात नाहीतर इस्पितळात.

खाण्याचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी नदीकाठच्या खाणावळीत बसलो. भिंतीवर चित्रं लावलेली, बोट दाखवायचं आणि खायचं. मी म्हटलं, 'काय घ्यायचं?' 'तुम्हाला आवडेल ते.' 'छे, तुम्हाला आवडेल ते.' 'मला काहीही चालतं.' 'मलाही काहीही चालतं.' शेवटी खाणावळवाली कंटाळली, बिचारी किती वेळ उभी राहणार, तिने आपल्या मनानेच दोन ताटल्या आणून आपटल्या. उकडलेला बटाटा, पाव आणि कसलंसं पातळ सूप. मी कौतुकाने म्हटलं, 'छान आहे हो बटाटा.' त्या म्हणाल्या, 'मऊ आहे अगदी.' बस. मला वाटलं यांना बटाटा आवडतो, त्यांना वाटलं हिला आवडतो. तुम्हाला सांगते, तीन शहरं फिरलो, तीन शहरांत बटाटा खाल्ला. दुकानाच्या काचेत काय काय मांडलेलं असायचं, माझी मान तिकडे वळायची आणि विहीणबाई मायेने म्हणायच्या, 'चला, तुमचा बटाटा बघू कुठे मिळतो.' माझा बटाटा! पण बोलणार काय?

एक मात्र कबूल करते, त्यांच्यामुळे अडलं कुठे नाही. मी आपली इंग्रजीची जुळवाजुळव करून स्टेशनवर विचारायची, 'एक्स्क्यूज मी, प्लॅटफॉर्म...' तो माणूस खांदे उडवायचा. विहीणबाई पुढे व्हायच्या, स्वच्छ मराठीत, 'अहो, गाडी कुठे लागते? बोट दाखवा बोट.' आणि तो दाखवायचा! दुसऱ्या शहरात गादीत ढेकूण निघाले तर घरमालकिणीला हाताला धरून वर आणली, 'हे काय आहे? सांगा. बदला आत्ताच्या आत्ता.' तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तिने गादी बदलली, उशी बदलली, वर स्वतःहून पडदेही बदलले. मी कोपऱ्यात उभी राहून विचार करत होते, या बाईकडून मी लेकीचं बाळंतपण काढून घेणार? मी?

असे आठ दिवस गेले. मागायचा धीर काही होईना. नववा उजाडला.

तिसरं शहर. तिथे नदी गावाच्या मधोमध, आणि या काठावरून त्या काठावर जायला बोट. दोन बोटी, एक इकडून सुटते तेव्हाच दुसरी तिकडून सुटते, मध्ये एकमेकींना ओलांडतात, दिवसभर तेच. दुपारची वेळ, धक्क्यावर आम्ही दोघीच. चढायची फळी एका माणसाच्या रुंदीची. मी म्हटलं, 'आधी तुम्ही.' त्या म्हणाल्या, 'छे, आधी तुम्ही.' एरवी मागून गर्दीचा रेटा यायचा आणि प्रश्न सुटायचा. आज मागे कुणी नाही. 'अहो तुम्ही.' 'नाही नाही, तुम्ही.' बोटीवरचा माणूस साखळी हातात धरून उभा, एकदा घड्याळाकडे बघतोय, एकदा आमच्याकडे. शेवटी विहीणबाईंनी पाऊल टाकलं, आत गेल्या, वळल्या आणि हात पुढे केला, 'या.' आणि मी काय करावं? त्यांना नीट वळता यावं म्हणून मी शहाणी दोन पावलं मागे सरकले! त्या माणसाला वाटलं, हिला यायचं नाहीये. त्याने फळी ओढली, साखळी अडकवली आणि बोट सुटली.

मी बघतेय. एक हात पाणी... दोन हात पाणी... विहीणबाईंचा हात अजून पुढेच. कागद सगळे माझ्याकडे, त्यांच्याजवळ पासपोर्ट नाही, तिकीट नाही, खोलीचा पत्ता नाही, फोनसुद्धा माझ्याच पिशवीत, चिठ्ठी लावून. लेकीला काय सांगू? 'बाळा, तुझ्या सासूबाईंना मी नदीत सोडून आले'? आता कसलं माहेर आणि कसलं बाळंतपण, जन्मभर लेक दारात यायची नाही.

पंधरा मिनिटांनी पुढची बोट आली, मी धावत सुटले, पहिल्यांदा कुणाला 'आधी तुम्ही' न म्हणता चढले. मधोमध आलो आणि समोरून दुसरी बोट. कठड्याशी कोण? विहीणबाई! त्या मला शोधायला परत निघाल्या होत्या! 'अहो, थांबा तिथेच, मी येते!' मी ओरडले. 'नाही, तुम्ही थांबा, मीच येते!' त्या ओरडल्या. आता बोट थांबते का? मी त्या काठाला लागले, त्या या काठाला. आता शहाण्या माणसाने काय करावं? एकीने थांबावं. पण कोणी? मी विचार केला, त्या वयाने दोन वर्षांनी मोठ्या, मुलाकडच्या, त्यांना कशाला हेलपाटा, आपणच जावं. तिकडे त्यांनी विचार केला, बिचारीच्या गोळ्या माझ्याकडे, तिला कशाला दगदग, आपणच जावं. मधोमध पुन्हा गाठ! या वेळी दोन्ही बोटींतली माणसं कठड्याशी गोळा झाली होती, एक म्हातारबाबा टोपी काढून आम्हाला आळीपाळीने हलवून दाखवत होते, आणि साखळीवाला इतका हसत होता की त्याला साखळी धरवेना. 'आता मी थांबते हो!' मी ओरडले. 'मी पण!' त्या ओरडल्या.

आणि थांबलो. मी या काठावर, त्या त्या काठावर. दोघी शहाण्या. एक बोट आली, गेली. दुसरी आली, गेली. तास झाला म्हणा ना. आणि मग पलीकडून आवाज आला. नदी तशी फार रुंद नव्हती, पण असती तरी आला असता. छत्तीस वर्षांचा वॉर्ड होता त्या आवाजात. 'तिथेच बस! हलू नकोस! मी येतेय!' तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या शेजारी एक गृहस्थ उठून निघाले होते, ते परत खाली बसले.

आल्या. उतरल्या. त्यांचे डोळे लाल, माझे डोळे लाल. आणि त्यांनी सुरुवात केली. 'चढायचं तर चढायचं ना! मागे कुठे जाता? जीव गेला ना माझा!' मी म्हटलं, 'तुम्ही का परत निघालात? मी येत होते ना!' 'मला काय स्वप्न पडलं तुम्ही येताय ते? आणि ती फळी, तो पलंग, प्रत्येक ठिकाणी आधी तुम्ही आधी तुम्ही, कान किटले माझे!' 'मग माझी चादर कशाला ताणता रोज? मला त्यात शिरता येत नाही!' 'आणि चिठ्ठ्या? माझ्या चष्म्याच्या डबीवर चष्मा लिहिलंत! मला कळत नाही त्यात चष्मा आहे ते?' 'आणि तुमचा तो बटाटा!' मी म्हटलं. त्या एकदम थबकल्या. 'माझा? मला बटाट्याने वात होतो! तुम्हाला आवडतो म्हणून खातेय मी नऊ दिवस!' 'मला? मला बघवत नाही आता!'

आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातून ते निसटलंच. भांडणाच्या भरात, श्वास न घेता. 'आणि काही झालं तरी लेकीचं बाळंतपण माझ्याकडेच होणार, तुम्ही मेट्रन असाल तुमच्या घरी!'

बोलले आणि जीभ चावली. नातं नाजूक, नातं नाजूक म्हणत नऊ दिवस जपलं आणि एका वाक्यात त्याचा चुरा. विहीणबाई माझ्याकडे बघतायत. मी जमिनीकडे बघतेय. त्या हळूच बाकावर टेकल्या. म्हणाल्या, 'तुमच्याकडे? नक्की?' मी म्हटलं, 'हो.' 'म्हणजे मला करावं लागणार नाही?'

मला कळेना. म्हटलं, 'म्हणजे?' तर त्या पदर डोळ्याला लावून हसतायत की रडतायत. 'अहो, छत्तीस वर्षं केलं. सणवार कळला नाही, झोप कळली नाही. आता रात्री कुणाचं मूल रडलं तर मला घाम फुटतो. पण मी मेट्रन ना, सगळे मला गृहीतच धरणार. वाटलं, तुम्ही म्हणाल, तुमच्याइतकं कुणाला येतं, ठेवून घ्या सुनेला. म्हणून तर इतकी गोड वागत होते मी तुमच्याशी, दहाव्या दिवशी हात जोडून सांगणार होते, तेवढं तुम्ही घ्या म्हणून!'

दोघीही दहावा दिवस धरून बसलेल्या! मी पण बसले त्यांच्या शेजारी आणि मला आधी हसू आलं आणि मग असं रडू आलं म्हणता. सगळं सांगितलं त्यांना. घर खायला उठतं, बोलायला माणूस नाही, कुकरची शिट्टी... सगळं. त्यांनी माझा हात धरला, म्हटलं माया करतायत, तर नाडी बघत होत्या. मग पिशवीतून माझी गोळी काढून दिली. छातीवरचा धोंडा उतरला हो. इतकं हलकं वाटलं की मी आपणहून म्हटलं, 'विहीणबाई, आता पुरे हे शिष्टाचार. यापुढे मनात येईल ते बोलायचं. तुम्हीही आणि मीही.' त्या म्हणाल्या, 'अगदी.'

तिथून उठून खाणावळीत गेलो, दोघींनी दोन वेगळ्या चित्रांवर बोटं ठेवली आणि ताटली चाटूनपुसून खाल्ली. मग लेकीला फोन लावला, म्हटलं, 'बाळा, आमचं ठरलं, तू माझ्याकडे यायचं.' पलीकडून जावयाचा आवाज, 'सुटलो रे देवा!' त्यांचं दोघांचं महिनाभर आधीच ठरलं होतं म्हणे, माझ्याकडेच. पण विहीणबाईंना सांगायचं कुणी, म्हणून गप्प. लेक म्हणते, 'आई, वाटलं तुम्ही दोघी फिरताना आपोआप विषय निघेल.' आपोआप! दोन बोटी, सहा फेऱ्या आणि एक तास काठावर बसून निघाला विषय.

तर असं सगळं छान झालं. मनासारखं झालं, सुटले मी, खरंच सुटले. फक्त एकच. ते 'मनात येईल ते बोलायचं' म्हणाले ना मी? विहीणबाईंनी ते फार मनावर घेतलंय. परतीच्या गाडीत सुरू झाल्या, मी बॅग भरते ते चुकतं, चालते ते चुकतं, गोळी घेते तेव्हा पाणी कमी पिते. परवा घरी आल्या, खोली बघितली, पाळणा खिडकीशी नको म्हणाल्या, पडदे काढा म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या बरण्या उतरवल्या. मी म्हटलं, 'अहो, पण बाळंतपण तुम्हाला नको होतं ना?' म्हणाल्या, 'करायला नको. पण तुम्ही कसं करताय ते बघायला कुणीतरी हवं की नको?' आणि परत जाताना दारात वळल्या, मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, 'तुम्ही त्या बाकावर रडलात ना, घरात बोलायला माणूस नाही म्हणून, ते काही माझ्या मनातून जात नाही हो. मी काय ठरवलंय, पोरगी यायच्या आधीच मी पंधरा दिवस राहायला येते.'

येतायत. सोमवारी. सामान आज सकाळीच पोचलंय.